ढेकण्याची ओळखपरेड

न्यू जर्सीत परसात भेंडी-टोमॅटो लावायला लागल्यापासून माझा एकच नियम: तपकिरी ढेकण्या (झाडाचा रस पिणारा चपटा किडा, इंग्रजीत स्टिंक बग) दिसला की साबणाच्या पाण्यात. शेजारच्या पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनमध्ये 1990च्या दशकात आशियातून येऊन पोचलेली ही जात टोमॅटोत सोंड खुपसते, सालीखाली पांढरट, भुसभुशीत डाग पडतात. थंडी सुरू झाली की घरातच मुक्काम. चिरडला तर वास थेट जुन्या कोथिंबिरीचा.

जुलैत भेंडीच्या पानावर असाच एक सापडला. डब्यात टाकणार, तेवढ्यात त्याचे खांदे दिसले. काट्यासारखे टोकदार! बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवला (बायको काय म्हणाली ते इथे लिहीत नाही) आणि तो गारठून सुस्तावल्यावर भिंग घेऊन बसलो.

मिशांची कांडी मोजली, पाच भरली. पाठीवर मोठी त्रिकोणी ढाल. म्हणजे ढेकण्यांचंच कूळ, पेंटॅटोमिडी. नावातला 'पेंटा' या पाच कांड्यांचाच. पण ॲलनटाउनवाल्याच्या मिशांवर पांढरे पट्टे असतात, इथे नव्हते. लांबी 11 मिलिमीटर, तीही त्याच्या मानाने कमीच. मग वाटलं, हा इथला मूळचा, रस पिणारा दुसरा ढेकण्या, युस्किस्टस असणार. रंग तोच, खांदेही कधीकधी टोकदार. इथे माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. नुसत्या पाठीच्या फोटोंवरून जात ठरवणाऱ्यांचं मला तेव्हापासून कौतुक वाटतं, विश्वास मात्र वाटत नाही.

उत्तर पोटाखाली होतं. बरणी डोक्यावर धरून खालून पाहिलं. झाडाचा रस पिणाऱ्यांची सोंड सुतासारखी बारीक, अंगासरशी दुमडलेली. याची चांगली जाड, मिशीच्या दुप्पट, आणि बुडाशी मोकळी, म्हणजे पुढे काढून अळीत भोसकता येईल अशी. पंखांच्या पातळ टोकाशी काळसर डागही होता. पोडिसस मॅक्युलिव्हेंट्रिस. अळ्यांचा शिकारी, म्हणजे आपल्याच बाजूचा! युस्किस्टस सर्व्हस आणि हा, दोघांचं पहिलं वर्णन 1832 सालचं आणि एकाच माणसाचं: फिलाडेल्फियात जन्मलेले कीटकशास्त्रज्ञ थॉमस से यांचं. त्यांना हा फरक कळायला किती संध्याकाळी लागल्या असतील कोण जाणे.

त्याला घेवड्याच्या वेलावर सोडून आलो, तेव्हा साबणाचा डबा आठवला. चहाच्या जुन्या गाळणीत ओतला. सात निघाले. दोघांचे खांदे टोकदार. उलटे करून पाहिले, दोन्ही सोंडा जाड.