जुन्या फोर बाय फोरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तापतो तेव्हा : माझा अनुभव

गिअरबॉक्सचं तेल तापतंय हे पटवून देण्यात माझी जेवढी शक्ती खर्च झाली, तेवढी ते तेल थंड करण्यात झाली नाही. दुरुस्ती साधी निघाली. घोडं अडलं ते सर्व्हिस सेंटरच्या एका वाक्यावर: "स्कॅनरला कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक) नाही, म्हणजे गिअरबॉक्सला काही झालेलं नाही." आणि लगेच पुढचं वाक्य, "तरी तुम्हाला शंका असेल तर बॉक्स उतरवून ओव्हरहॉल करू." काही झालेलं नाही तर उतरवायचा कशाला, याचं उत्तर कुणी देत नव्हतं. ज्यांच्याकडे जुनी डिझेल फोर बाय फोर आहे आणि तिला साधा चार-पाच गिअरचा, टॉर्क कन्व्हर्टरचा ऑटो बॉक्स आहे, त्यांनी ओव्हरहॉलला होकार देण्याआधी हे वाचावं.

आधी लक्षणं. कसारा घाट मोकळा मिळाला तर काहीच जाणवत नाही. ट्रकच्या मागे पंधरा-वीसच्या वेगाने चढावं लागलं, की इगतपुरी येईपर्यंत गिअर उशिरा पडू लागतात. इंजिन आधी आवाज करतं, गाडी नंतर सरकते. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जाताना, त्र्यंबकहून जव्हारकडे जाताना तसंच. गंगापूर धरणाच्या काठी ओल्या काळ्या मातीत थोडा वेळ गाडी खेळवली की जळका वास. मग थांबून, न्यूट्रलला टाकून, पंधरा-वीस मिनिटं इंजिन चालू ठेवलं की सगळं पूर्ववत. थंड असताना चोख आणि तापल्यावर ढिला, असं वागणारा बॉक्स बहुतेक वेळा तेलाच्या तापमानाकडे बोट दाखवत असतो.

उष्णता येते मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टरमधून. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तिथे फक्त तेल असतं. इंजिनाकडचा पंखा जोरात आणि गिअरबॉक्सकडचा हळू फिरतो, तेव्हा मधल्या फरकाची सगळी ताकद तेलात उष्णता होऊन उतरते. सपाट हायवेवर लॉक-अप क्लच लागतो, दोन्ही बाजू जोडल्या जातात आणि ही उष्णता जवळपास थांबते. घाटात कमी वेगाला लॉक-अप लागत नाही. म्हणून शंभरच्या वेगापेक्षा वीसच्या वेगाला बॉक्स जास्त तापतो. हे एकदा समजलं की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

पहिलं काम मोजमापाचं. पॅनमध्ये, म्हणजे बॉक्सच्या तळाच्या तेलाच्या ताटलीत, ८० ते ९५ अंश सेल्सिअस हे तब्येतीत असलेल्या बॉक्सचं तापमान. ११०च्या वर सावध व्हायचं, १२०ला थांबायचं. ढोबळ हिशेब असा की नेहमीच्या तापमानावर दर दहा-अकरा अंश वाढले की तेलाचं आयुष्य निम्मं होतं. डॅशबोर्डवरच्या ए.टी. टेंपच्या (ऑटो बॉक्सच्या तापमानाच्या) दिव्यावर विसंबू नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो तेल १५०च्या आसपास गेल्यावरच लागतो, आणि तोवर क्लचच्या प्लेटा काळ्या पडलेल्या असतात. गाडीला ओबीडी (कॉम्प्युटरचा डेटा वाचायचं सॉकेट) असेल आणि ती तेलाचं तापमान देत असेल तर ब्लूटूथ रीडर पुरतो. नसेल तर तेल थंड करणाऱ्या कूलरकडे जाणाऱ्या नळीत टी (तीन तोंडांचा जोड) बसवून वेगळा सेन्सर आणि गेज लावा. या नळीतलं तापमान चढावर पॅनपेक्षा वीस-तीस अंशांनी उसळतं, त्याने घाबरून जाऊ नका, पण दोन जागांचे आकडे एकमेकांशी ताडून बघू नका. इन्फ्रारेड गन वापरणार असाल तर चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर ती बरंच कमी दाखवते. पॅनवर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि त्यावर नेम धरा.

माझ्या गाडीत गडाच्या घाटात पॅनचं तापमान १२५ ओलांडत होतं. इंजिनाचा काटा मात्र मधोमध, जागचा हललेला नाही. हा आकडा घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलो आणि खरा खोळंबा सुरू झाला.

तिथे स्कॅनर लावला, कोड निघाला नाही, आणि कोड नसेल तर गिअरबॉक्सच्या कामाचं जॉब कार्ड उघडत नाही असं सांगण्यात आलं. तेल बदलून द्या म्हटलं तर उत्तर तयार: "हे लाइफटाइम ऑइल आहे, शेड्यूलमध्येच नाही." मग कंपनीकडून तांत्रिक मंजुरी मागवतो म्हणून गाडी ठेवून घेतली. फोन केला की "मेल टाकलाय." परत फोन केला की "वरून उत्तर यायचंय." शेवटी आलं ते ओव्हरहॉलचं एस्टिमेट, तेही पॅन न उघडता, तेल न हुंगता. या सगळ्यात कुणी गाडीखाली वाकून कूलरच्या नळीला हात लावला नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

कोड का येत नाही, ते नीट समजून घ्या, कारण काउंटरवर याच मुद्द्यावर तुम्हाला गप्प केलं जातं. गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर आत येणारे आणि बाहेर पडणारे फेरे मोजतो. त्यांचं गुणोत्तर ठरलेल्या मर्यादेबाहेर ठरावीक वेळ राहिलं तरच घसरण्याचा कोड पडतो. तापमानाचा सेन्सर तुटला किंवा शॉर्ट झाला तरी कोड पडतो. पण कूलरमधून किती तेल वाहतंय हे मोजणारा सेन्सर अशा जुन्या गाड्यांत नसतोच. जे मोजलंच जात नाही त्याचा कोड कुठून येणार? म्हणून कोड वाचायला सांगू नका, लाइव्ह डेटा दाखवायला सांगा: तेलाचं तापमान, लॉक-अपची स्थिती, इंजिन आणि टर्बाइनचे (कन्व्हर्टरमधल्या गिअरबॉक्सकडच्या पंख्याचे) आरपीएम. गाडी तापवून, चालवत. अंगणात उभ्या गाडीवर घेतलेला डेटा निरुपयोगी.

लाइफटाइमचंही तसंच. बऱ्याच मॅन्युअलमध्ये साध्या वापरासाठी तेल बदलण्याचं अंतर दिलेलं नसतं, पण त्याच पुस्तकात सतत घाट, धूळ, ओझं ओढणं अशा कठीण वापरासाठी वेगळा तक्ता असतो. ते पान काढून समोर ठेवा. नाशिकची फोर बाय फोर त्या तक्त्यात बसते, यात वाद नाही.

ज्या एका चाचणीने माझा प्रश्न सुटला, ती म्हणजे कूलरच्या परतीच्या नळीची फ्लो टेस्ट. नाशिकमधल्या अंबडच्या एका मिस्त्रीने ती करायला मान्यता दिली. तेल बॉक्समधून निघतं, रेडिएटरच्या टाकीत बसवलेल्या छोट्या कूलरमधून जातं आणि परत येतं. गाडी सपाट जागी, चाकांना अडसर, हँडब्रेक, गिअर पी मध्ये. तेल आधी ७०च्या आसपास तापवून घ्यायचं, कारण काही गाड्यांत थंड तेलाला कूलरकडे जाऊच न देणारा थर्मोस्टॅट असतो. परतीची नळी बॉक्सपाशी सोडवून तिला पारदर्शक पाइप जोडायचा आणि तो खुणा केलेल्या दोन लिटरच्या भांड्यात सोडायचा. एकाने चावीपाशी बसायचं, दुसऱ्याने घड्याळ धरायचं. इंजिन आयडलला वीस सेकंद, त्याहून जास्त नाही. पंप कोरडा पडला तर नवं दुखणं. वीस सेकंदांत साधारण एक लिटर तेल आलं पाहिजे, सलग धारेने, फेस न येता. हातमोजे घाला, हे तेल भाजतं.

माझ्याकडे भांड्यात जेमतेम पाव लिटर आलं. धार नाही, ठिबकण्याच्या जरा वरचं काहीतरी. मग तीच चाचणी रेडिएटरच्या अलीकडे, बॉक्समधून निघणाऱ्या नळीवर केली, आणि तिथे जवळपास लिटरभर आलं. निदान तिथेच झालं. पंप ठीक, बॉक्स तेल पाठवतोय, रेडिएटरमधला कूलर चोंदलाय. दोन्ही ठिकाणी कमी आलं असतं तर संशय पॅनमधल्या फिल्टरवर, पंपावर किंवा कन्व्हर्टरच्या व्हॉल्व्हवर गेला असता आणि तेव्हा बॉक्स उघडण्याला अर्थ होता. लाखांच्या कामाचा निर्णय एका भांड्याने होतो, तरी ही चाचणी करायला लोक तयार होत नाहीत. चाचणीत बाहेर आलं तेवढंच तेल मोजून परत भरायला विसरू नका.

कूलर चोंदतो कारण क्लचच्या अस्तराची भुकटी आणि जळलेल्या तेलाचा चिकटा आतल्या बारीक जाळीत बसतो. उलट्या दिशेने फ्लश करून पाहिलं तर थोडा फरक पडतो, पण जाळीतला गाळ पूर्ण निघेल याची खात्री नाही, आणि सुटलेला गाळ बॉक्समध्ये गेला तर व्हॉल्व्ह अडकतात. मी रेडिएटरच बदलला. रेडिएटर बदलण्याआधी तेल आणि कूलंट दोन्ही बघा. तेल गुलाबी, दुधाळ दिसलं तर आतला कूलर फुटून कूलंट बॉक्समध्ये शिरलंय; ग्लायकॉलने क्लचचं अस्तर सुटतं, तेव्हा मात्र ओव्हरहॉल टळत नाही.

पुढचं काम सुरळीत झालं. पॅन उतरवला, फिल्टर आणि गास्केट बदललं. चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा लगदा असेल तर चालतं; बोटाला टोचणारे तुकडे नकोत. तेल एकदा काढून भरलं की सगळं नवं होत नाही. बॉक्समध्ये एकूण दहा लिटर आणि पॅनमधून निघतं चार, बाकी मुख्यतः कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून मध्ये गाडी चालवत तीन वेळा काढून भरलं: नव्याचं प्रमाण ४० टक्के, मग ६४, मग ७८. तेल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच घ्या. टोयोटाचं डब्ल्यूएस पातळ असतं, टी-फोर या जुन्या ग्रेडच्या बॉक्सला ते चालत नाही. दुकानदाराच्या "सगळ्यांना चालतं"वर जाऊ नका.

रेडिएटरच्या जोडीला बाहेरचा कूलर लावला, प्लेटांचा, साधारण २८० बाय १९० मिलिमीटर. तेल आधी रेडिएटरमधून आणि मग या कूलरमधून जाईल असं जोडलं. रेडिएटर वाटेत ठेवल्यामुळे थंडीतल्या पहाटे तेल तापायलाही मदत होते. एसी कंडेन्सरच्या पुढे, पंधरा-वीस मिलिमीटर अंतर ठेवून, पट्टीच्या ब्रॅकेटवर रबर बुश घालून बसवा. जाळीतून आरपार जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी कूलर बांधायचा प्रकार अजिबात नको, कंपनाने त्या पट्ट्या पत्रा कापतात. तोंडं वर किंवा बाजूला, म्हणजे हवा अडकत नाही. नळी ट्रान्समिशन ऑइलसाठीचीच घ्या. डिझेलची नळी या उष्णतेत कडक होऊन फुटते. जिथे रबर नळी धातूच्या पाइपावर चढते तिथे पाइपाच्या टोकाला फुगवटा काढून घ्या. गुळगुळीत पाइपावर क्लॅम्प कितीही आवळला तरी नळी निसटू शकते. अंबड किंवा सातपूर एमआयडीसीत हायड्रॉलिक होस बनवणाऱ्यांकडून टोकं क्रिंप करून (मशीनवर दाबून बसवून) घेणं सगळ्यात भक्कम.

आता आठवतंय ते. हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: फ्लो टेस्टच्याही आधी लॉक-अप लागतोय का बघा. घोटीच्या बाजूला मोकळ्या रस्त्यावर, मागे वाहन नसताना, सत्तरच्या स्थिर वेगाला अ‍ॅक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला हलकासा स्पर्श करा. आरपीएम दोन-तीनशेने वर गेले तर लॉक-अप लागलेला होता. काहीच हललं नाही तर तो लागतच नाहीये, आणि कारण कधी कधी फुटकळ असतं: ब्रेक लाइटचा खराब स्विच, किंवा उघडा अडकलेला इंजिनाचा थर्मोस्टॅट, ज्यामुळे इंजिन थंड आहे असं समजून कॉम्प्युटर लॉक-अप देत नाही.

रेडिएटरचा व्हिस्कस फॅन क्लचही (पंख्याला फिरवणारा, सिलिकॉन तेलाचा क्लच) तपासा. तापलेलं इंजिन बंद केल्यावर पंखा एखाद्या फेऱ्यात थांबला पाहिजे. गरगरत राहिला तर त्यातलं सिलिकॉन तेल गेलंय. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत गवताचं बी आणि माती बसते, ती समोरून दिसत नाही. पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेर मारा, कमी दाबाने.

मोठे टायर घातले असतील तर तेही कारण. २६५/७०च्या जागी २८५/७५ आर १६ म्हणजे व्यास सुमारे सात टक्क्यांनी जास्त. प्रत्येक गिअर तेवढा उंच होतो आणि कन्व्हर्टर जास्त घसरतो. अशा गाडीने खडी चढण, वाळू, चिखल फोर-लो (फोर व्हीलची कमी वेगाची, लो रेंज) मध्येच घ्या. लो रेंजमध्ये गिअरबॉक्सवरचं ओझं उतरतं आणि तेच काम खूप कमी उष्णतेत होतं. घाटाच्या डांबरी रस्त्यावर मात्र फोर व्हील लावू नका, पुढची-मागची चाकं घट्ट जोडणारी पार्ट-टाइम सिस्टिम आवळली जाते. तिथे डी सोडून दुसरा गिअर धरा.

पातळी तेल तापल्यावर, इंजिन चालू ठेवून बघायची, सगळ्या गिअरमधून एकदा लिव्हर फिरवून झाल्यावर. पी मध्ये की एन मध्ये, ते मॅन्युअल सांगतं. जास्त भरलं तर फिरते भाग तेल घुसळतात, फेस होतो आणि बॉक्स पुन्हा तापतो.

१२० दिसलं तर इंजिन बंद करू नका. न्यूट्रल, १५०० आरपीएम, बॉनेट उघडं. पंप चालू राहिला तरच तेल कूलरमधून फिरतं. नवीन कूलर बसवल्यावर दोन-चार वेळा गाडी तापून निवली की सगळे क्लॅम्प पुन्हा आवळा आणि प्रत्येक जोडाखाली पांढरा कागद धरून बघा. गडाच्या घाटात आता पॅन ९८च्या वर जात नाही, बॉक्स न उतरवता.