टँकमधला सर्पेंट स्टार: उन्हाळा ते दिवाळी

माझा खाऱ्या पाण्याचा टँक (घरातलं मत्स्यालय) तोच आहे. चार बाय दीड बाय दीड फूट, सम्प (खालची फिल्टरची टाकी) धरून पावणेतीनशे लिटरच्या आसपास पाणी, लाईव्ह रॉकचे (सूक्ष्मजीव वसलेल्या समुद्री दगडांचे) दोन ढीग, त्यावर झोअँथिड, मश्रूम आणि एक लेदर अशी मऊ प्रवाळं. कठीण प्रवाळं नाहीत आणि येणारही नाहीत. ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे "एक छोटा फ्रॅग (प्रवाळाचा तुकडा) आलाय, कुणाला बोलू नका" म्हणणाऱ्या दुकानदाराला मी लांबूनच हात जोडतो.

नवीन भर म्हणजे मार्चअखेरीस आणलेला पट्टेवाला सर्पेंट स्टार, ऑफिओलेपिस सुपर्बा: तारामाशाचा लांब भुजांचा नातलग, ब्रिटल स्टारच्या गटातला. मधल्या तबकडीवर गडद तपकिरी तारा, गुळगुळीत भुजांवर आलटूनपालटून पिवळट आणि तपकिरी पट्टे. एका भुजेचं टोक तुटलेलं होतं म्हणून भाव पाडून मिळाला. तुटकी भुजा दिसली की बरेचजण पाठ फिरवतात, ते मला पटत नाही. धोका वाटला की हे प्राणी स्वतःच भुजा सोडून देतात. तुटलेली जागा स्वच्छ आणि मिटलेली असेल तर बिनधास्त घ्यावा. पण सगळ्याच भुजांची टोकं एकदम झडत असतील किंवा पांढरट मांस लोंबत असेल तर फुकटातही नको. दुकानदाराला सांगून त्याला उलटा ठेवायला लावा. धडधाकट असेल तर बघता बघता पालथा होतो.

टँकमध्ये सोडताना घाई नाही. मासा अंगातलं मीठ-पाणी सांभाळू शकतो, ह्यांना ते जमत नाही. बाहेर जेवढा खारेपणा तेवढाच आत. दुकानाच्या पिशवीतलं पाणी १.०२१ (विशिष्ट घनता, म्हणजे खारेपणाचं माप) निघालं (परजीवी आटोक्यात ठेवायला माशांच्या टाक्या बरेचजण अशाच चालवतात), माझं १.०२५. म्हणून थेंबथेंब ड्रिप लावून दोन-अडीच तास, मधेमधे रिफ्रॅक्टोमीटरने खारेपणा बघत. आणि ज्या टाकीत कधी तांब्याचं औषध पडलंय तिथे यांना नेऊच नये.

आता मुख्य गोष्ट. दुकानात यांना 'क्लीन-अप क्रू' (उष्टं-घाण साफ करणारी टोळी) म्हणून विकतात, म्हणजे सोडा आणि विसरून जा. मोठ्या सर्पेंट स्टारच्या बाबतीत हे साफ चूक आहे. नीट चालणाऱ्या, स्किमर (फेसाने घाण काढणारं यंत्र) लावलेल्या टँकमध्ये त्याला पुरेल एवढं उष्टं उरतच नाही. तो लगेच मरत नाही, महिनोन्महिने आतल्या आत खंगतो, आणि मग एक दिवस भुजा झडायला लागल्या की आपण पाण्याच्या टेस्ट करत बसतो. माझा आठवड्यातून दोनदा जेवतो. मासळी बाजारातली ताजी कोळंबी सोलून नखाएवढे तुकडे, कधी तिसऱ्यांचं मांस. मीठ-हळद न लावता, आरओच्या पाण्यात धुऊन फ्रीझरमध्ये.

टँकचे दिवे बंद झाल्यावर अर्ध्या तासाने लांब चिमट्याने तुकडा दगडाच्या फटीपाशी नेतो. टॉर्चला लाल कागद लावलाय. यांना डोळे नसतात, पण काही जातींच्या अंगभर प्रकाश जाणणाऱ्या पेशी सापडल्या आहेत, आणि साध्या टॉर्चने माझा तरी लगेच आत सरकतो. आधी एका भुजेचं टोक बाहेर येऊन पाण्यात चाचपडतं. तुकड्याला लागलं की भुजा त्याच्याभोवती वेटोळं घालते आणि सगळा ऐवज तबकडीखाली ओढून नेते. एकदा तो काचेला चिकटून जेवला तेव्हा खालची बाजू स्पष्ट दिसली: मधोमध पाच जबडे, ताऱ्याच्या आकाराची फट उघडमीट करणारे, आणि दोन्ही बाजूंचे बारीक नलिकापाद (नळीसारखे मऊ पाय) कोळंबी आत ढकलणारे. जेवणानंतर भुजांच्या मधली तबकडी टम्म फुगते. न पचलेलं त्याच तोंडावाटे बाहेर पडतं, दुसरी वाट नाही. टँकमधला क्लीनर श्रिंप (एक छोटी कोळंबी) मात्र नंबरी चोर आहे. त्याच्यासाठी आधी दुसऱ्या टोकाला एक तुकडा टाकायचा, मग इकडे यायचं.

मेमध्ये वळवाच्या पावसात रात्री लाईट गेली. बॅटरीवरचा एअर पंप लावायच्या आधीच हा फटीतून बाहेर, दगडाच्या माथ्यावर, भुजांच्या टोकांवर तबकडी उचलून उभा. ऑक्सिजन कमी झाला की ब्रिटल स्टार असे करतात, हे वाचलं होतं. तापमान २८ च्या पुढे गेलं नव्हतं, तरीही. हवा सुरू झाल्यावर पहाटेपर्यंत परत आत. आता यूपीएसवर चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) चालत नाही, पण निदान एक पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप) चालतो. पॉवरहेडच्या तोंडाला जाळी आहेच. भुजा आत ओढली गेली तर पंप आणि प्राणी दोन्ही जातात.

तुटलेल्या भुजेची प्रगती सांगतो. पहिले काही आठवडे नुसता गोल ठोंब. मग जूनमध्ये त्यातून दोऱ्यासारखं पांढुरकं टोक निघालं, पट्टे नाहीत, काही नाही. गणपतीच्या सुमारास पट्टे फिकट दिसायला लागले. आता दिवाळीत नवीन भाग पेरभर झालाय, पण जुन्या भुजेपेक्षा निम्मा बारीक, त्यामुळे सांधा लांबूनही कळतो. वाढीचा वेग अगदी रडत-खडत आहे, आणि ज्या महिन्यात मी गावी होतो आणि जेवण पातळ झालं त्या महिन्यात तर जवळजवळ थांबला होता.

सम्पमध्ये मात्र गर्दी झालीय. लाईव्ह रॉकबरोबर आलेले छोटे सहा भुजांचे स्टार, बहुधा ऑफिॲक्टिस सॅविग्नी, फिल्टर स्पाँज पिळला की डझनांनी निघतात. हे मधोमध दुभंगून दोन होतात आणि प्रत्येक अर्धा उरलेल्या भुजा उगवून घेतो. नव्या लोकांना यांची भीती वाटते, ती निराधार आहे. कोरलला त्रास नाही, पाण्यात तरंगणारं खातात, आणि 'क्लीन-अप क्रू' ही पदवी द्यायचीच तर यांना द्या. मी स्पाँज टँकमधून काढलेल्या पाण्यातच धुतो, म्हणजे हे वाचतात.

जाता जाता एकच वाद. हिरवा ब्रिटल स्टार, ऑफिॲराक्ना इन्क्रासाटा, हल्ली पुन्हा दुकानांत दिसतोय. देखणा आहे, कणखर आहे, खाताना हाताशी येतो. पण तो तबकडी उंच धरून भुजांचा मांडव घालतो, आणि आडोसा समजून झोपायला आलेल्या छोट्या माशावर वेटोळं आवळतो. माझ्याकडे दोन गोबी आणि एक फायरफिश असे छोटे मासे आहेत, म्हणून माझं उत्तर ठरलेलं आहे. एकट्याच्या टँकमध्ये ठेवणार असाल तर जरूर घ्या. दुकानदार "पोट भरलेलं असलं की मासे खात नाही" म्हणेल, त्यावर विसंबू नका. घेताना भुजांवर काटे आणि अंग हिरवट-ऑलिव्ह दिसलं की आधी जात विचारा, भाव नंतर.

डिसेंबरात दुसरा ऑफिओलेपिस आणायचा विचार आहे. दगडांची मांडणी बदलून मागच्या बाजूला एक वेगळी कपार करतोय, म्हणजे दोघांना जेवणाची दोन वेगळी ठिकाणं मिळतील.