टाळ वाजतच राहतो तेव्हा

ऐरोलीतल्या एका कंपनीत माझ्या हाताखाली तीसेक माणसे आहेत, आणि आषाढीच्या आधी रजा मिळेल तितके दिवस मी ठाण्यातल्या आमच्या दिंडीबरोबर माउलींच्या पालखीत चालतो. श्रद्धेवर उभे असलेले नेतृत्व म्हणजे भावना आणि व्यावसायिक नेतृत्व म्हणजे शिस्त, ही कार्यशाळांमधून सर्रास ऐकू येणारी वाटणी मला त्यामुळे पटत नाही.

या सोहळ्याची घडी एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी बसवली. ते शिंद्यांच्या पदरी सरदार होते, तेव्हा तिच्यात लष्करी काटेकोरपणा आला यात नवल नाही. रथापुढे २७ दिंड्या, मागे त्याहून कितीतरी अधिक आणि प्रत्येकीची जागा ठरलेली. मुक्कामी समाज आरतीसाठी सारे जमले की चोपदार चोप उंचावतो आणि टाळ-मृदंगाचा कल्लोळ एकदम थांबतो. मात्र जिची काही तक्रार असेल, ती दिंडी टाळ वाजवतच राहते. मग चोपदार स्वतः तिच्यापाशी जाऊन, पाण्याचा टँकर आला नाही की चालीच्या क्रमात कोणी घुसले, ते ऐकून घेतो, आरती त्यानंतरच.

आमच्या कार्यालयात तक्रारीसाठी पोर्टल आहे, क्रमांकही लगेच मिळतो, पण त्यासाठी कोणाचेच काम थांबत नाही. शिवाय तक्रार बहुधा त्याच साहेबाबद्दल असते, ज्याच्या हाती वर्षअखेरचे मूल्यमापन असते.

तरीही दिंडीत जे नाही, ते मला कार्यालयातच दिसते. साहेब बदलता येतो. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती २०१३च्या कायद्याने बंधनकारक आहे, म्हणजे निदान त्या बाबतीत तरी दाद मिळणे वरिष्ठाच्या चांगुलपणावर सोडलेले नाही. दिंडीतले मान मात्र पिढीजात चालतात, प्रमुख तहहयात राहतो आणि भिशीच्या, म्हणजे दिंडीतल्या सामाईक जेवणाच्या, पैशांचा हिशेब विचारणे हा अनेकांना उद्धटपणा वाटतो. नोंदणीकृत न्यासाला १९५०च्या कायद्याने हिशेब तपासून घ्यावे लागतात. नोंदणी नसलेल्या दिंडीत सारी मदार बुवांच्या सचोटीवर. आमचे बुवा सचोटीचे आहेत, पण पुढचे कसे असतील?

यंदा मी भिशीचा जमाखर्च छापून वाटावा असे सुचवले. दोन ज्येष्ठ वारकरी दुखावले. बुवांनी मात्र वही माझ्यापुढे सरकवली आणि कार्तिकीच्या आत आकडे जुळवून द्यायला सांगितले.