एकशे दहा नंबरचा ट्रॅक्टर आणि चौदा दिवसांची मुदत

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या वसाहतीच्या असोसिएशनचे पत्र आले. आमच्या दारात, रस्त्यावरून दिसेल अशा ठिकाणी, एक नादुरुस्त यंत्र उभे असल्याचे आढळले आहे; ते चौदा दिवसांत हलवावे किंवा चालू स्थितीत आणावे, अन्यथा दंड आकारला जाईल, असा तीन ओळींचा मजकूर होता आणि खाली कोणाचीही सही नव्हती. दंडाची रक्कम फार नव्हती. मला झोंबला तो ‘नादुरुस्त’ हा शब्द. गावाकडे आमच्या दारासमोर एक मोडकी बैलगाडी माझ्या आठवणीत पंधरा वर्षे तशीच पडून होती, तिच्या जुवावर आई वाकळा वाळत घालत असे, आणि ग्रामपंचायतीला त्याचे कधी काही वाटले नाही. इथे विस्कॉन्सिनमध्ये मात्र हिरवळ किती इंच वाढू द्यायची यालाही नियम आहे आणि दारात काय उभे करायचे यालाही.

ते यंत्र म्हणजे जॉन डिअर कंपनीचा ‘११०’ हा गार्डन ट्रॅक्टर, १९६६ सालचा. या कंपनीचे नाव आपल्याकडे नवीन नाही. माझ्या चुलतभावाच्या दारात उभा असलेला पन्नास हॉर्सपॉवरचा हिरवा ट्रॅक्टर पुण्याजवळच्या सणसवाडीच्या कारखान्यातून आला आहे. माझा ट्रॅक्टर त्याचा नातू शोभेल एवढा लहान असला तरी वयाने त्याचा आजोबा आहे. आठ हॉर्सपॉवर, एक सिलिंडर, बसायला पत्र्याची बैठक आणि मागच्या चाकांवर गोलसर मडगार्ड. कंपनीने बागेसाठी ट्रॅक्टर करायला सुरुवात केली ती १९६३ साली याच मॉडेलने, आणि तो तयार होत असे होरिकॉन या गावी, जे आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे. दोन गल्ल्या सोडून राहणारे एक वृद्ध गृहस्थ घर विकून वृद्धाश्रमात निघाले होते, त्यांच्या शेडमध्ये तो वीस वर्षे बंद पडून होता. त्यांनी शंभर डॉलर मागितले, आणि मी पैसे मोजल्यावर आत जाऊन इंची पान्यांची एक जुनी पेटी आणून दिली. “तुमचे मेट्रिक पाने याला चालायचे नाहीत,” एवढेच म्हणाले. पेटीचे पैसे घेतले नाहीत.

अण्णांना फोनवर सांगितले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, “आठ हॉर्सपॉवरनं काय नांगरणार?” नांगरायचे नाही, हिरवळ कापायची आहे, असे मी म्हटल्यावर पलीकडे थोडा वेळ शांतता पसरली. “अरं, म्हणजे गवत कापायचं, पिशवीत भरायचं आणि टाकून द्यायचं? एक म्हैस तरी बांधा दारात.” यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

पत्र आल्यावर तो ढकलत गॅरेजमध्ये घेतला आणि मोटार बाहेर थंडीत उभी केली. इंजिन जाम होते. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडा राहून अडकला होता, त्यातून इतकी वर्षे दमट हवा आत शिरत राहिली आणि सिलिंडरच्या भिंतीला पिस्टनच्या वर गंजाचे कडे धरले होते. प्लग काढून त्या भोकातून ॲसिटोन आणि गिअरबॉक्सचे पातळ तेल निम्मे-निम्मे मिसळून ओतले आणि नऊ दिवस रोज संध्याकाळी फ्लायव्हीलला हात लावून पाहिले. दहाव्या दिवशी ते दोन बोटे हलले. त्या रात्री मी जेवताना जरा जास्तच बोललो, असे बायकोचे म्हणणे आहे.

हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, उतरवताना मात्र एक बोल्ट मुंडक्याशी तुटला, आणि त्या एका बोल्टाने माझे तीन रविवार खाल्ले. हेड ॲल्युमिनियमचे, ब्लॉक बिडाचा. दोन धातू इतकी वर्षे एकमेकांना चिकटून बसले की बोल्ट त्यांचाच होऊन जातो. ड्रिल मारले तर ते बाजूला सरकले. आटे मरू नयेत म्हणून हात आखडता घेतला तर काहीच होईना. शेवटी तुटलेल्या खुंटावर नट ठेवून तो वेल्ड करून घेतला आणि त्या उष्णतेनेच बोल्ट सैल झाला. हे आमच्या गावाकडच्या, तासगावच्या मिस्त्रींनी पहिल्या पाच मिनिटांत केले असते, हे मला वेल्डिंगच्या ठिणग्या पाहताना आठवले. त्याआधी आठवले नाही.

आता मुख्य गोष्ट. इंजिनाच्या पत्र्यावर एक लहान पट्टी असते, तिच्यावर मॉडेल, स्पेसिफिकेशन नंबर आणि सिरियल नंबर कोरलेला असतो. हे इंजिन कोलर कंपनीचे, के १८१ जातीचे. कोलर म्हणजे तीच कंपनी, जिचे नळ आता पुण्यातल्या नव्या फ्लॅटमध्ये बिल्डर कौतुकाने दाखवतात. ओतीव लोखंडाच्या पाण्याच्या कुंडाला १८८३ साली इनॅमल चढवून त्यांनी ते न्हाणीचे टब म्हणून विकले, तिथून त्यांचा नळ-टबांचा धंदा सुरू झाला. इंजिने त्यांनी पुढे केली. पट्टीवरची तेलकट घाण रॉकेलच्या बोळ्याने पुसली, आकडे संगणकावर टाकले, आणि सुमारे साठ वर्षांपूर्वीच्या त्या इंजिनाचे सगळे भाग सुटे करून दाखवणारे चित्र समोर आले. प्रत्येक वायसरला नंबर. पॉइंट (प्लगला ठिणगी देण्यासाठी उघडझाप करणारा भाग), कंडेन्सर, गॅस्केटचा संच, कार्बोरेटरचे किट, पिस्टनच्या रिंगा अशी मागणी मी मंगळवारी नोंदवली आणि शनिवारी सगळे दारात. पॉइंटचे खोके उघडले, तो भाग जागेवर बसवला, फट मोजायचे पाते, म्हणजे फिलर गेज, घातला; अंतर इंचाच्या वीस हजारांश, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरला केसभर जास्त. त्या पातळ पात्याला पॉइंटने किंचित धरले आणि सोडले. मी ते चार वेळा विनाकारण करून पाहिले.

हे कौतुक मी इथे इतके सविस्तर लिहितो आहे त्याला कारण आहे. आमच्या विहिरीवर पाच हॉर्सपॉवरचे किर्लोस्करांचे डिझेल इंजिन होते. इंजिन पुण्याचे आणि त्याला जोडलेला पंप आमच्याच तालुक्यातल्या किर्लोस्करवाडीचा. ते बिघडले की तासगावचे मिस्त्री सायकलवरून येत, कान लावून आवाज ऐकत, आणि पुढचे सगळे त्यांच्या हातात असे. बुश झिजला तर ते कोणत्या तरी जुन्या शाफ्टचा तुकडा घेऊन लेथवर नवा करून आणत, आणि तो कंपनीच्या बुशापेक्षा जास्त टिके. यात अतिशयोक्ती नाही. पण त्यांनी काय बसवले, किती घासले, हे कुठेही लिहिलेले नव्हते. ते गेल्यानंतर दुसऱ्या मिस्त्रीने इंजिन खोलले तेव्हा आत अर्धे भाग कंपनीचे आणि अर्धे त्यांचे निघाले, कोणता नवा भाग कशाला बसेल हे कोणालाच सांगता येईना, आणि विजेची मोटार आलेलीच होती, म्हणून इंजिन भंगारवाल्याच्या टेम्पोत चढले. मी तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. यंत्राचा पाना मी त्या घरात कधी हातात धरला नव्हता, कारण धरला की अण्णा तो काढून घेत आणि पुस्तक देत.

मात्र इथली बाजू झाकून ठेवणेही योग्य नाही. सिलिंडर बोअर, म्हणजे आतून कोरून मोठा, करून घेण्यासाठी मी तीन दुकानांत गेलो. पहिल्याने नवे यंत्र घ्या म्हणून सांगितले, दुसऱ्याने एक सिलिंडरचे काम घेत नाही म्हटले, तिसऱ्याने ज्याला ते काम येत होते तो निवृत्त झाल्याचे सांगितले. भाग दारात येतो, पण तो बसवणारा हात मिळत नाही, आणि मिळाला तर त्याच्या तासाची मजुरी ऐकून आपलाच हात पुढे येतो. इथे घरोघरी लोक स्वतः दुरुस्ती करतात याचे मला आधी फार कौतुक वाटे. आता त्यातला निम्मा भाग त्या मजुरीचा आहे असे वाटते. चौथ्या ठिकाणी, एका लहान गावात, सत्तरी ओलांडलेल्या एका माणसाने ब्लॉक दहा हजारांश इंच मोठा बोअर करून दिला आणि त्या मापाचा पिस्टनही काढून दिला. त्याच्या दुकानाच्या भिंतीवर कॅलेंडर २००९ सालचे होते. तासगावचा मिस्त्री म्हणून तो माणूस सहज खपला असता.

त्याच दिवशी परतताना आम्ही होरिकॉनला गेलो. बायकोला तिथल्या दलदलीत उतरलेले हंसासारखे कॅनडा गूज पक्षी पाहायचे होते आणि मला कारखान्याचे फाटक. १९११ साली डिअरने पेरणीयंत्रे करणारी व्हॅन ब्रंट ही कंपनी घेतली, तेव्हापासून तो कारखाना त्यांचा आहे. फाटकाचा फोटो काढताना मला थोडे ओशाळल्यासारखे झाले, कारण किर्लोस्करवाडीच्या फाटकावरून मी शेकडो वेळा एसटीने गेलो आणि एकदाही मान वळवून पाहिले नाही.

गंज काढायला घासत बसायचे नाही, हे नव्याने शिकलो. प्लास्टिकच्या टबात पाणी, त्यात धुण्याचा सोडा. बॅटरी चार्जरची काळी वायर गंजलेल्या भागाला आणि लाल वायर एका भंगार लोखंडी पट्टीला. भागावर बारीक बुडबुडे धरतात आणि सकाळपर्यंत गंज काळी साय होऊन सुटतो. वायरी उलट्या जोडल्या तर आपलाच भाग विरघळतो, आणि पट्टी स्टेनलेस स्टीलची घेतली तर पाण्यात विषारी क्रोमियम उतरते, म्हणून तेवढे सांभाळायचे. हायड्रोजन वायू सुटतो म्हणून टब नोव्हेंबरच्या थंडीत अंगणात मागच्या बाजूला ठेवला. तो रस्त्यावरून दिसत नाही.

रंग मेमध्ये दिला, कारण त्याआधी तो वाळत नाही. खर्चाचा हिशेब मी लिहून ठेवला आहे आणि बायकोला दाखवलेला नाही. एवढ्या पैशात नवे यंत्र सहज आले असते, हे मला ठाऊक आहे. पण नव्याचे डेक, म्हणजे पात्यांवरचे झाकण, पातळ पत्र्याचे असते आणि त्यात बिडाचा ब्लॉक मिळत नाही, असे मी विचारणाऱ्यांना सांगतो. न विचारणाऱ्यांनाही सांगतो.

या ट्रॅक्टरचा स्टार्टर आणि जनरेटर एकच आहे, पट्ट्याने इंजिनाला जोडलेला: सुरू करताना तो इंजिन फिरवतो आणि मग इंजिन त्याला. चार्जिंग ताब्यात ठेवणारा नवा रेग्युलेटर बसवल्यावर बॅटरीचे आणि जनरेटरचे टोक एका वायरीने क्षणभर जोडावे लागते, एक ठिणगी उडते, मगच चार्जिंगची दिशा ठरते. ते केले, ट्रॅक्टर ढकलून अंगणात आणला, चोक ओढला आणि किल्ली फिरवली. तिसऱ्या खेपेला तो धडधडला. मी तो मुद्दाम तासभर दारात, रस्त्यावरून नीट दिसेल असा, चालू स्थितीत उभा ठेवला.

अण्णांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन इंजिनाजवळ धरला. त्यांनी डोळे मिटून ऐकले.

“फायरिंग बरं आहे,” म्हणाले, “पण पट्टा ढिला आहे. चीं करतोय. जनरेटर बाहेर ओढून बोल्ट आवळ.”

मला काहीच ऐकू येत नव्हते. इंजिन बंद करून पट्ट्यावर अंगठा दाबला, तर तो चांगला इंचभर आत गेला.