फळा अजून पुसलेला नाही

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसलो आणि नववीतला इंग्रजीचा एक तास डोळ्यांसमोर उभा राहिला. सर वर्गात आले, त्यांनी खडू हातात घेतला आणि शांतपणे म्हणाले, "फळा अजून पुसलेला नाही." पहिल्या बाकावरच्या मुलाने लगेच उठून फळा पुसला. सरांनी त्याला विचारले, "पूस, असे मी म्हणालो का?" मग त्या स्वच्छ फळ्यावर त्यांनी 'इम्प्लाय' आणि 'इन्फर' ही दोन क्रियापदे लिहिली. बोलणारा इम्प्लाय करतो, म्हणजे अर्थ शब्दांत दुमडून ठेवतो. ऐकणारा इन्फर करतो, म्हणजे ती घडी उलगडून अर्थ काढतो. 'इम्प्लाय'च्या लॅटिन मुळाचा अर्थच आत दुमडणे असा आहे, हे त्यांनी सांगितले आणि त्यानंतर या दोन शब्दांत माझी कधी गल्लत झाली नाही.

'सजेस्ट'शी मात्र आम्ही वर्षभर झगडलो. मराठीत 'त्याने मला जायला सुचवले' हे वाक्य बरोबर असल्यामुळे आम्ही सगळे 'ही सजेस्टेड मी टु गो' असेच लिहीत असू. सर प्रत्येक वहीत ते खोडून 'ही सजेस्टेड दॅट आय शुड गो' असे स्वतःच्या हाताने लिहून देत. 'हिंट' (सूचक इशारा देणे) या क्रियापदापुढे 'ॲट' आणि 'अल्यूड' (आडून उल्लेख करणे) या क्रियापदापुढे 'टु' येतो, हे त्या मानाने सहज पाठ झाले.

'इनसिन्युएट' शिकवताना कोणीतरी 'लेकी बोले सुने लागे' ही म्हण सांगितली. सरांना ती पुरेशी वाटली नाही. त्या म्हणीतली सासू सुनेला निदान काही समज देत असते. 'इनसिन्युएट' करणारा मात्र दुसऱ्याबद्दल वाईट संशय हळूच पेरतो आणि त्याची जबाबदारी घेत नाही, हा त्यांनी दाखवलेला फरक मला आजही अत्यंत महत्त्वाचा वाटतो.

तरीही पहिल्या नोकरीत माझ्याकडून चूक झालीच. एका सहकाऱ्यांनी बैठकीत कामाच्या विलंबाचे संभाव्य कारण सौम्यपणे सुचवले होते आणि इंग्रजी इतिवृत्तात मी 'इनसिन्युएटेड' लिहिले. आपण कोणावर तरी आडून आरोप केला अशी कायमची नोंद झाली, याचे त्यांना फार वाईट वाटले. पुढच्या बैठकीत मी 'सजेस्टेड दॅट' अशी दुरुस्ती करून घेतली आणि सर्वांसमोर त्यांची क्षमा मागितली.