चार दिवसांची चित्रकथी आणि अडीच महिन्यांचं मानधन

चित्रकथी म्हणजे एकेक चित्र दाखवत गाऊन कथा सांगायची कला. सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावचे चित्रकथी कलाकार आमच्या शाळेत चार दिवस येऊन मुलांना शिकवून गेले. त्यांचं पूर्ण मानधन हातात पडायला मात्र अडीच महिने लागले. आठवलं की अजून संताप होतो.

मी शाळा व्यवस्थापन समितीत पालक सदस्य आहे. आमच्या गावापासून पिंगुळी एसटीने तासाभरावर. तिथले चित्रकथी कलाकार परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा शाळेत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पण चित्रकथीची पोथी, म्हणजे एका कथेच्या चित्रांचा संच, सुटताना एकाही मुलाने पाहिली नव्हती. ते मला फार लागलं. मुख्याध्यापकबाई लगेच तयार झाल्या. निम्मं मानधन वाचनालयाने, निम्मं ग्रामपंचायतीने द्यायचं आणि जेवण बचत गटाने करायचं, हे पंधरा दिवसांत ठरलं.

वाचनालयाचा धनादेश शेवटच्या दिवशीच दिला. ग्रामपंचायतीच्या वाट्याची फाइल वरच्या कार्यालयात मंजुरीला गेली आणि तिथेच बसली. पहिल्या खेपेला सांगितलं, "तीन दरपत्रकं जोडा." मी म्हटलं, "भाऊ, पिढ्यान्‌पिढ्या एका समाजाने जपलेली कला आहे, तिची दरपत्रकं कुणाकडून आणू?" "नियम आहे, ताई." दुसऱ्या खेपेला जीएसटी क्रमांक मागितला. वर्षाला वीस लाखांपर्यंतच्या सेवेला नोंदणी लागत नाही, हे मी छापील कागद नेऊन दाखवलं. तिसऱ्या खेपेला साहेब बैठकीला गेलेले. चौथ्या खेपेला पासबुकावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळेना. दर वेळी माझी अर्ध्या दिवसाची रजा गेली आणि दर वेळी कलाकार काकांना फोन करून "अजून नाही झालं" सांगावं लागलं. ते एकदाही चिडले नाहीत, त्यामुळे मला जास्तच अपराधी वाटायचं.

शेवटी अडचणीचं मूळ उपसरपंचताईंना सापडलं. आमच्याच ठरावात 'सेवा खरेदी' असं लिहिलं होतं. खरेदी म्हटली की दरपत्रकं आलीच. 'कलाकारांचे मानधन' असा नवा ठराव हवा होता, पण त्या महिन्याची मासिक सभा होऊन गेलेली. पुढच्या सभेपर्यंत थांबलो. नवा ठराव जोडल्यावर आठ दिवसांत पैसे जमा झाले.

म्हणून पहिल्याच ठरावात 'मानधन' लिहा आणि प्रवासखर्च वेगळा दाखवा. पासबुक आणि आधार कार्यक्रमाआधीच ताडून बघा. आणि हो, तारखा आधी कलाकारांना विचारा. भातकापणीत बोलावू नका, तेव्हा मुलंही शेतात असतात.

त्या चार दिवसांबद्दल एवढंच सांगते. काका एकेक चित्र उचलून समोर टेकवत आणि गाऊ लागत. पाठीला पाठ लावून चिकटवलेली दोन चित्रं, कडा हाताळून मऊ पडलेल्या. ते चित्र उलटायचे तेव्हा मागच्या रांगेतली पोरं गुडघ्यांवर उभी राहायची. चौथ्या दिवशी पाचवीतल्या एका मुलीने जटायूचं चित्र स्वतः काढून त्यावर स्वतःच गाऊन कथा सांगितली. ती वर्गात एरवी बोलत नाही.

पैसे जमा झाले त्या संध्याकाळी काकांचा फोन आला. "ताई, पैसे इले. पोरांची चित्रां बघूक येवचा आसा." पावसाआधी त्यांना पुन्हा बोलावलंय. या वेळचा ठराव मी स्वतः बसून लिहिलाय.