गोष्ट आधी, गाणं नंतर

डिसेंबर लागला, बाजारात भरताची वांगी दिसायला लागली की मला आमच्या भुसावळची संगीत रात्र आठवते. रेल्वे क्वार्टर्सच्या मागच्या चर्चचा तरुण संघ दरवर्षी नाताळ आणि ३१ डिसेंबरच्या मधल्या शनिवारी ती करायचा, अजूनही करतो. आम्ही ख्रिस्ती नाही. बाबा रेल्वेत फिटर होते आणि मुक्ताईच्या दिंडीत पखवाज वाजवायचे, त्यामुळे माझा हात लहानपणीच तबल्यावर बसला होता. मी आठवीत असताना संघाचा तबलजी ऐन दिवशी तापाने पडला, मग पेटीवाले मामा संध्याकाळी घरी आले आणि बाबांना म्हणाले, भाऊ, आज रात्रीपुरता पोरगा द्या. बाबांनी दिला. ती एक रात्र पुढे १९ वर्षं चालली.

तिथे एक नियम होता आणि तो कोणीच मोडायचं नाही. कोणाचंही गीत म्हणा, आधी त्या माणसाची गोष्ट सांगायची, मग गाणं. तीही वाचून नाही, तोंडी.

पहिल्या वर्षी मामांनी कवी नारायण वामन टिळकांची गोष्ट सांगितली. टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने चालले होते, डब्यात एका गोऱ्या साहेबाशी बोलणं निघालं, कवितेवरून धर्मावर गेलं, आणि त्या माणसाने नवा करार त्यांच्या हातात ठेवून सांगितलं की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. समोर बसलेले अर्धे लोक गार्ड, ड्रायव्हर, टीसी, रेल्वेचा डबा म्हटल्यावर सगळे कसे सरसावून बसले ते मला अजून दिसतं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. मामा इथपर्यंत आले आणि मागून, चुलीजवळून, मावशींचा आवाज आला, "अहो, लक्ष्मीबाईंचं कोण सांगणार?" आणि मग त्यांनीच सांगितलं, नवरा धर्म बदलून गेल्यावर त्या बाईने काय काय सोसलं, कशी पुढे काही वर्षांनी ती स्वतः विचार करून त्या वाटेवर आली, आणि टिळक १९१९ मध्ये गेल्यावर त्यांचं अर्धं राहिलेलं ख्रिस्तायन, ख्रिस्ताच्या चरित्रावरचं काव्य, तिने कसं पुरं केलं. शाळा न शिकलेली बाई! हे मावशी दरवर्षी म्हणायच्या, आणि दरवर्षी त्यांचा आवाज तिथेच भरून यायचा.

मग अभंग सुरू झाला. मी घाबरत घाबरत भजनी ठेका धरला आणि दुसऱ्या कडव्यात माझ्या लक्षात आलं की हे तर घरचंच आहे. बाबा मंडपाच्या कडेला उभे होते. शेवटी "दास म्हणे" आलं तसे ते शेजारच्याला विचारतात, "रामदासांचा का हो?" तो म्हणाला, नाही भाऊ, टिळकांचा. बाबा काही बोलले नाहीत, चप्पल काढून सतरंजीवर येऊन बसले. तुकोबाच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो असं टिळक म्हणायचे, हे त्यांना नंतर कळलं, आणि पुढे दिंडीतल्या लोकांनाही ते हे सांगायचे.

जेवण म्हणजे भरीत, दुसरं काही नाही. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, हिरव्या मिरच्या घालून ठेचायची, वर शेंगदाणे, कांद्याची पात, सोबत कळण्याची भाकरी. माझा त्या निखाऱ्यांशी वेगळा संबंध होता. दहानंतर दंव पडायला लागलं की तबल्याची पुडी, म्हणजे वरचं चामडं, सैल व्हायची, सूर उतरायचा, मग दोन गाण्यांच्या मधे मी तबला उचलून निखाऱ्यांपाशी न्यायचो, जरा लांब धरून शेकायचो, आणि परत येऊन हातोडीने लावायचो. तबल्याला वांग्याचा धुरकट वास यायचा तो जानेवारीपर्यंत जायचा नाही.

किती माणसं कळली तिथे! हँडेल या संगीतकाराने मसीहा हा ख्रिस्तावरचा मोठा गायनप्रबंध १७४१ मध्ये २४ दिवसांत लिहिला आणि पुढच्या एप्रिलमध्ये डब्लिनला पहिल्यांदा वाजला तेव्हा जमलेल्या पैशातून कर्जापायी तुरुंगात पडलेली १४२ माणसं सुटली. संगीतकार बाख जर्मनीतल्या लाइपझिगच्या चर्चमध्ये १७२३ पासून मरेपर्यंत राबला आणि कितीतरी रचनांच्या शेवटी तीन अक्षरं लिहायचा, अर्थ असा की महिमा फक्त देवाचा. फॅनी क्रॉस्बीची नजर तान्हेपणीच गेली, गीतं लिहिली आठ हजारांच्या वर. नवापूरकडची मंडळी सुरत-भुसावळ पॅसेंजरने यायची, ढोल घेऊन, त्यांच्या मावची बोलीत गायची, त्यातले एक काका चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात कामाला होते. त्यांच्या ढोलाला साथ करायला माझा तबला पुरायचा नाही, मी नुसता ऐकत बसायचो.

पण एक वर्ष सगळ्यात वेगळं गेलं. त्या पावसाळ्यात मावशींचा धाकटा मुलगा गेला होता. गोष्ट होती अमेरिकन संगीतकार थॉमस डॉर्सीची, आधीच ठरलेली, बदलावी का यावर बरीच चर्चा झाली, शेवटी मावशीच म्हणाल्या राहू द्या. डॉर्सी आधी ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांची सुखदुःखाची संसारी गाणी, वाजवायचा, नंतर चर्चच्या गाण्याकडे वळला. ऑगस्ट १९३२ मध्ये तो सेंट लुईसला गायला गेला होता, तिथे तार आली की बायको बाळंतपणात गेली. घरी आला तर बाळही गेलं. त्या दुःखात पियानोवर बसून त्याने जे लिहिलं ते, प्रभू, माझा हात धर, मी थकलोय, अशा अर्थाचं गाणं. आमच्या कॉलनीतल्या अँग्लो-इंडियन आंटींनी ते इंग्रजीत म्हटलं, अगदी संथ. मी दादरा धरला, तोही बोटांच्या टोकांनी. गाणं संपलं, कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मावशी भाकरीच्या पिठाचे हात घेऊन पुढे आल्या, सतरंजीवर बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, परत म्हण." आंटींनी परत म्हटलं. तिसऱ्यांदाही म्हटलं.

आता मी नाशिकला असतो, मधली काही वर्षं जाणं जमलं नाही याची मला खूप रुखरुख आहे. यंदा संघाचा फोन आला, पण तबल्यासाठी नाही, गोष्ट सांगायला. अमेरिकन गायिका महालिया जॅक्सनची. कितीही पैसे देऊ केले तरी ब्लूज गाणार नाही म्हणणारी, फक्त देवाचं गाणारी, आणि १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंगच्या अंत्यविधीला डॉर्सीचं तेच गाणं गाणारी. रोज रात्री जेवण झाल्यावर गच्चीवर फेऱ्या मारत तोंडी म्हणून बघतोय, कारण कागद चालत नाही.

तबल्याला आठवीतलाच एक मुलगा बसणार आहे, त्याला निखाऱ्यांचं सांगायचंय. मावशींना फोन केला, विचारलं काय आणू? म्हणाल्या, काही आणू नको, तू लवकर ये, वांगी आली आहेत.